आधी हात बसू द्या : जपानमधील चित्रपट-निर्मिती समित्यांना खुले पत्र

प्रति,
मांगा आणि ॲनिमे यांवरून जिवंत नटांचे चित्रपट काढण्याचा निर्णय ज्यांच्या बैठकीत होतो, त्या जपानमधील निर्मिती समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

मी पुण्यात गेली बरीच वर्षे जपानी भाषा शिकवते. वर्गात येणाऱ्यांपैकी काहींना नोकरीसाठी ही भाषा हवी असते, काहींना पुढच्या शिक्षणासाठी; पण पहिल्या दिवशी ‘जपानी का शिकायचे आहे?’ असे विचारले की बरेचसे हात मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) यांच्या नावाने वर होतात. ही मुले खोटे बोलत नसतात, कारण त्यांना धड स्वतःची ओळख करून देता येण्याआधी तलवारबाजाची आरोळी अचूक सुरात देता येत असते. या मुलांबरोबर, आणि ती येण्याच्या आधीपासून एकटीने, मी आपल्या समित्यांनी काढलेले चित्रपट पाहत आले आहे. आपण मराठी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तक्रार ज्या भाषेत नीट मांडता येते त्याच भाषेत ती मांडावी. भाषांतर करणारी माणसे आपल्याकडेही आहेत आणि आमच्याकडेही.

आपल्याकडे या प्रकाराला ‘जिश्शाका’ म्हणतात. म्हणजे चित्रातली गोष्ट खऱ्या माणसांना घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी करणे. एखाद्या गाजलेल्या मांगाची जिश्शाका होणार अशी घोषणा झाली की तिच्या निष्ठावंत वाचकांत आनंदाऐवजी धास्ती पसरते, हे आपल्या कानावर आले असेलच. घोषणेबरोबर सहसा एक छायाचित्र येते. त्यात लोकप्रिय तरुण नट उभा असतो, डोक्यावर चित्रातल्या रंगाच्या केसांचा टोप असतो आणि अंगावर कालच शिवून आल्यासारखे, एकही चुणी न पडलेले कपडे असतात. बट जिथे हवी तिथे असते, पट्ट्याची बक्कलसुद्धा मोजून मूळ चित्राबरहुकूम असते, आणि इतके सगळे जुळूनही त्या माणसाने हे कपडे घालून कधी जेवण केले असेल, तो कधी पावसात भिजला असेल, यावर विश्वास बसत नाही. वाचक नाराज होतात आणि आपण असे समजता की साम्य कमी पडले. मग पुढच्या वेळी टोपावर अधिक खर्च होतो.

माझे म्हणणे असे आहे की आपण भलत्याच ठिकाणी निदान करत आहात. आपले जे चित्रपट जमले ते चित्राशी तंतोतंत जुळल्यामुळे जमले नाहीत. त्या कथेला जी कारागिरी लागत होती, ती जपानी चित्रपटसृष्टीच्या हातात अगोदरच मुरलेली होती, म्हणून ते जमले. जिथे हात बसलेला नव्हता तिथे मात्र टोपाने वेळ मारून नेली गेली आणि प्रेक्षकांनी ती लबाडी ओळखली.

ही गोष्ट जुन्या उदाहरणावरून लगेच दिसते. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची ‘कोझुरे ओकामी’ ही मांगा १९७० मध्ये सुरू झाली. लहानग्या मुलाला लाकडी गाड्यात बसवून वणवण करणाऱ्या मारेकऱ्याची ही गोष्ट अजून क्रमशः छापून येत असतानाच १९७२ मध्ये तिच्यावरचा पहिला चित्रपट आला, आणि त्या एकाच वर्षात एकूण चार चित्रपट प्रदर्शित झाले. आजच्या हिशेबाने ही घाई अक्षम्य वाटेल. पण ते चित्रपट आजही पाहवतात, याचे कारण साधे आहे. त्या काळी सामुराईपटांचा कारखाना जोरात चालू होता. तलवार धरता येणारे नट होते, पडता येणारे सहायक होते, कपाळाला सांधा न दिसता टोप बसवणारे रंगभूषाकार होते, आणि चिखलाचा रस्ता कसा ओला ठेवायचा हे जाणणारे नेपथ्यकार होते. प्रमुख भूमिकेतले तोमिसाबुरो वाकायामा स्वतः तलवारीत तयार होते आणि सुरुवातीच्या चित्रपटांच्या पटकथा लिहायला मूळ लेखक कोइके स्वतः बसले होते. थोडक्यात, चित्रपट झटपट निघाले खरे, पण त्यांची तयारी काही दशके आधीपासून चालू होती.

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट ‘रुरौनी केनशिन’ या तलवारबाजाच्या मांगावरील चित्रपटांच्या बाबतीत घडली. २०१२ मध्ये पहिला चित्रपट आला, २०१४ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये आणखी दोन. या मालिकेचे यश सांगताना लोक बहुधा ताकेरू सातोह यांचा चेहरा मूळ पात्राला किती शोभतो हे सांगतात. शोभतो हे खरेच. पण दिग्दर्शक केइशी ओतोमो हे एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेतून आलेले होते, आणि २०१० मधली त्यांची ‘र्योमादेन’ ही ऐतिहासिक मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की तिच्यात ओकादा इझो या मारेकऱ्याची भूमिका याच सातोहांनी केली होती. म्हणजे या दोघांनी एकत्र बसून एका तलवारबाज खुन्याचा विचार आधीच करून ठेवला होता. त्यात भर पडली ती ॲक्शन दिग्दर्शक केन्जी तानिगाकी यांची, ज्यांनी हाँगकाँगमध्ये डॉनी येन यांच्या चमूत वर्षानुवर्षे काम केले होते. जपानी तलवारपटातली शांत, एका घावाची शिस्त आणि हाँगकाँगच्या मारामारीतला वेग, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगात भिनलेल्या असणे हा योगायोग नव्हे. अशी माणसे शोधावी लागतात.

केनशिनचे एक बारीक उदाहरण मला फार आवडते, म्हणून थोडे थांबते. मांगामध्ये नायकाच्या प्रत्येक डावाला नाव आहे, आणि तो डाव टाकताना ते नाव पानभर ठसठशीत अक्षरांत उमटते. ॲनिमेमध्ये तेच नाव गर्जून म्हटले जाते. कागदावर त्या अक्षरांचे एक काम असते: स्थिर चित्राला ती वजन देतात, इथे काहीतरी घडले असे वाचकाच्या डोळ्याला बजावतात. चित्रपटात बहुतेक ठिकाणी ही नावे उच्चारलीच जात नाहीत. त्याऐवजी नायक जमिनीलगत वाकून धावतो, वळताना एक हात खाली टेकतो, पायाखालची धूळ घसरते, आणि आपण काय झाले हे समजून घेईपर्यंत तीन माणसे आडवी झालेली असतात. अक्षरे गेली, पण त्यांनी दिलेले वजन राहिले. मूळ कृतीशी इमान म्हणतात ते हेच, असे मला वाटते. बोलण्याची ढब मात्र चित्रपटाने सोडली नाही. ‘सेश्शा’ हे स्वतःसाठीचे जुने, विनम्र सर्वनाम आणि वाक्याच्या शेवटी येणारे ‘गोझारू’ सातोह इतक्या सहज बोलतात की तो माणूस एका मोडून पडलेल्या काळातून चालत आला आहे हे कानाला कळते. उपशीर्षकांत त्या ‘सेश्शा’चा नुसता ‘मी’ होतो, आणि मराठीत ‘हा पामर’ म्हणावे तर वर्ग हसतो; पण हे दुखणे भाषांतरकाराचे आहे, आपले नव्हे.

तलवारीखेरीज आपल्या चित्रपटसृष्टीचा दुसरा बसलेला हात घरगुती कथेचा आहे. आकिमी योशिदा यांच्या ‘उमिमाची डायरी’वरून हिरोकाझू कोरेएदा यांनी २०१५ मध्ये जो चित्रपट केला, तो मांगावरचा आहे हे आमच्याकडच्या कित्येक प्रेक्षकांना माहीतही नसते. कामाकुरातल्या जुन्या घरात राहणाऱ्या तीन बहिणी आणि वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्याकडे राहायला आलेली सावत्र धाकटी बहीण, एवढीच गोष्ट. त्यात अंगणातल्या उमे या आंबट जपानी फळाच्या झाडाची फळे उतरवून दारू घालणे आहे, पावावर पसरलेली बारीक शिरासू मासळी आहे, आणि खांबावर बहिणींच्या उंचीच्या खुणा आहेत. थोरली धाकटीला त्या खांबाशी उभी करून तिची उंची मोजते, तेव्हा तिथे काही सांगितले जात नाही. खांब दिसतो, हात दिसतो, आणि ती मुलगी आता या घराची झाली हे आपल्याला कळते. हे काम करणारा हात जुन्या पिढीतले दिग्दर्शक ओझू यांच्या काळापासून घडत आलेला आहे. तो चित्रपट कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात गेला आणि त्याला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही मिळाला. त्याला कोणी जिश्शाका म्हणून नाक मुरडले नाही. तिथे टोपच नव्हता.

‘चिहायाफुरू’चेही असेच. युकी सुएत्सुगू यांच्या या मांगाचा विषय आहे स्पर्धात्मक कारुता: ‘ह्याकुनिन इश्शू’ या संग्रहातल्या शंभर कवितांच्या पत्त्यांचा खेळ. वाचक कवितेचा पहिला भाग म्हणू लागतो आणि दुसरा भाग छापलेला पत्ता प्रतिस्पर्ध्याच्या आधी उडवायचा असतो. कित्येकदा पहिल्या एकदोन अक्षरांतच हात सुटलेला असतो. नोरिहिरो कोइझुमी यांनी २०१६ मध्ये यावर दोन चित्रपट केले आणि त्यांना नावे दिली ‘वरचे चरण’ आणि ‘खालचे चरण’. या दोन भागांच्या विभागणीचे मला विशेष कौतुक वाटते, कारण ती खुद्द कवितेच्या रचनेतूनच निघालेली आहे. वाचकाने श्वास घेतल्यानंतर आणि पहिले अक्षर उच्चारण्याआधी त्या सभागृहात जी शांतता पसरते, ती मांगाला कोऱ्या चौकटीने दाखवावी लागते. चित्रपटाकडे ध्वनी आहे, म्हणून तो ध्वनी बंद करू शकतो.

आता जिथे दुखते तिकडे वळते.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ हा २०१७ चा चित्रपट पाहताना मी अस्वस्थ झाले होते, आणि ती अस्वस्थता नेमकी कशाची हे ठरवायला मला बराच वेळ लागला. कथा युरोपसारख्या दिसणाऱ्या कल्पित देशात घडते. चित्रीकरण इटलीतल्या खऱ्या दगडी गल्ल्यांत झाले आहे. पात्रे मात्र सर्व जपानी नटांनी केली आहेत आणि नायकाचे केस सोनेरी आहेत. पहिल्यांदा वाटले, जपानी नटांनी परके होणे हेच खटकत असेल. पण मग ‘थर्मे रोमाए’ का खटकत नाही? मारी यामाझाकी यांच्या मांगावरच्या, हिदेकी ताकेउची दिग्दर्शित २०१२ च्या त्या चित्रपटात प्राचीन रोमचा स्नानगृह-शिल्पी लुशियस हा चक्क हिरोशी आबे यांनी केला आहे. चित्रीकरण रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत, सभोवती इटालियन माणसांची गर्दी, आणि तिच्यात लांबोडक्या, ठसठशीत चेहऱ्याचे जपानी नट रोमन म्हणून वावरतात. हा लुशियस पाण्यात बुडून आधुनिक जपानच्या सार्वजनिक स्नानगृहात वर येतो आणि तिथल्या म्हाताऱ्यांना पाहून ‘चपट्या चेहऱ्यांची जमात’ म्हणतो, तेव्हा एक जपानी नट जपानी लोकांना परके ठरवतो आहे, ही गंमत संपूर्ण सभागृहाला एकदम कळते. आबे यांना या भूमिकेसाठी जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

फरक संकेताचा आहे. हे आम्हा मराठी माणसांना समजायला सोपे जावे, कारण आमच्या रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून उभे राहत आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला हा पुरुष आहे हे ठाऊक असे. तरी कोणी हसत नसे, कारण तो संकेत संगीत, पदन्यास, नेपथ्य, प्रेक्षागृह या सर्वांनी मिळून मान्य केलेला होता. आपल्याकडच्या काबुकी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे पुरुष, ओन्नागाता, याच जातीचे. ‘थर्मे रोमाए’ने पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाशी असा करार केला की हे नाटक आहे आणि आपण मिळून ते खेळणार आहोत. ‘फुलमेटल’ने इटलीच्या खऱ्या उन्हात, खऱ्या दगडांवर तोच टोप ठेवला आणि हे सर्व खरे माना असा आग्रह धरला. खऱ्या दगडाशेजारी खोटा केस अधिकच खोटा दिसतो. असेच काहीसे त्याच वर्षीच्या ‘जोजो’चे झाले: हिरोहिको आराकी यांनी मूळ मांगात सेंडाई शहराच्या धर्तीवर रचलेले एक जपानी गाव चित्रपटात स्पेनच्या सिट्जेसमध्ये उभे केले गेले. शीर्षकात ‘पहिला अध्याय’ असे लिहिले होते. दुसरा कधी आलाच नाही.

‘अटॅक ऑन टायटन’बद्दल मी इतरांपेक्षा थोडे वेगळे बोलणार आहे. २०१५ च्या या दोन चित्रपटांना पुष्कळ शिव्या बसल्या, त्यातल्या काही रास्त होत्या. पण त्यांतले राक्षस मला खरोखर भीतिदायक वाटले. तट फोडून माणसांना खायला येणारे ते नग्न, हसरे, ढिल्या कातडीचे प्राणी खऱ्या माणसांना घेऊन केलेले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जो मंदपणा आहे तो संगणकाने सहजासहजी येत नाही. याचे कारण दिग्दर्शक शिन्जी हिगुची हे गामेरासारख्या राक्षसपटांच्या दृश्य-करामतींत वाढलेले गृहस्थ. तिथे हात बसलेला होता. बसलेला नव्हता तो हाजिमे इसायामा यांच्या विस्तीर्ण कथेला दोन चित्रपटांच्या जेमतेम तीन तासांत कोंबण्याचा. मांगा तेव्हा संपायला सहा वर्षे बाकी होती, त्यामुळे शेवट नवा रचावा लागला. लिवाय हे लाडके पात्र गाळून त्याच्या जागी शिकिशिमा नावाचे दुसरेच आणले गेले. या बदलांना स्वतः इसायामा यांचीही साथ होती असे पटकथाकारांनी जाहीरपणे सांगितले आहे, आणि ते मी मुद्दाम नमूद करते, कारण मूळ लेखकाची संमती मिळाली म्हणजे चित्रपट तरलाच असे मी पुढे म्हणते आहे, असा कोणाचा समज होऊ नये. दुसऱ्याच वर्षी हिगुची यांनी हिदेआकी आन्नो यांच्याबरोबर ‘शिन गोड्झिला’ केला. तोच दिग्दर्शक, तीच दृश्यकरामतीची परंपरा, पण या वेळी कथा चित्रपटाच्या मापाची होती. त्याला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

मापाचा प्रश्न सोडवता येत नाही असे नाही. ‘डेथ नोट’ने २००६ मध्ये तो शेवट बदलून सोडवला, आणि मूळ वाचकांनीसुद्धा तो बदल बऱ्यापैकी मान्य केला. (त्यात केनिची मात्सुयामा यांनी केलेला एल हा गुप्तहेर खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसतो, दोन बोटांच्या चिमटीत फोन धरतो; हे सर्व चित्रातलेच आहे, पण नटाने ते स्वतःच्या पाठीच्या कण्यात मुरवलेले आहे.) ‘गोल्डन कामुय’ने २०२४ मध्ये वेगळी वाट धरली. ३१ खंडांची कथा एका चित्रपटात बसणार नाही हे मान्य करून जानेवारीत चित्रपट आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पुढचा भाग मालिकेच्या रूपात सुरू केला. या प्रामाणिकपणाचे मला बरे वाटले.

‘आमच्याकडे हॉलिवूडइतका पैसा नाही’ हे उत्तर आपल्या बाजूने नेहमी येते. ते ताकाशी यामाझाकी यांच्यासमोर देऊन पाहावे. याच गृहस्थांनी २००५ मध्ये र्योहेई साइगान यांच्या मांगावरून ‘ऑल्वेज’ हा चित्रपट केला आणि अर्धवट बांधून झालेल्या टोकियो टॉवरसह १९५८ चे टोकियो पडद्यावर उभे केले. त्यात राक्षस नव्हते, लढाया नव्हत्या. ट्राम होती, गल्ली होती, आणि घरात नवा टीव्ही आल्यावर जमलेले शेजारी होते. पुढे अठरा वर्षांनी त्यांनी ‘गोड्झिला मायनस वन’ केला. त्याच्या ६१० दृश्यांतल्या करामती अवघ्या ३५ जणांच्या चमूने केल्या, दिग्दर्शक स्वतः त्या चमूचे प्रमुख होते, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना दृश्यकरामतींचे ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक आणि कारागीर एकाच छताखाली, शक्यतो एकाच टेबलाशी बसलेले असणे याची किंमत पैशांत मोजली तर ती फार मोठी येत नाही. ती वर्षांत मोजावी लागते. आपल्या समितीत टीव्ही वाहिनी असते, वितरक असतो, प्रकाशक, जाहिरात संस्था, नटांची एजन्सी, संगीत कंपनी असते. प्रत्येकाचा थोडा पैसा आणि थोडा धोका. ही पद्धत एकट्या निर्मात्याला बुडू देत नाही हे मला कळते; पण ज्या बैठकीत कागदावर सहा-सात शिक्के उमटतात, त्यात ‘आपला हात यावर बसलेला आहे का’ हा प्रश्न विचारणे कोणाचेच काम नसते. प्रदर्शनाची तारीख ठरवणे मात्र प्रत्येकाचे काम असते.

आणि मूळ लेखकाचे काय? ‘थर्मे रोमाए’चे कौतुक मी वर केले, म्हणून त्याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या चित्रपटाने जपानमध्ये पाच अब्ज येनांहून अधिक गल्ला जमवला. मारी यामाझाकी यांनी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले की मूळ कृती वापरण्याबद्दल त्यांना सुमारे दहा लाख येन मिळाले होते. त्यावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली, आणि ‘चित्रपटामुळे पुस्तकांचा खप वाढतो, तोच मोबदला’ हा युक्तिवादही झाला. खप वाढतो हे कबूल. पण लेखकाच्या वतीने बोलणी करणारी प्रकाशनसंस्था जेव्हा समितीत गुंतवणूकदार म्हणूनही बसते, तेव्हा ती टेबलाच्या नक्की कोणत्या बाजूला बसली आहे, हा प्रश्न विचारला तर त्यात उद्धटपणा नसावा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट शब्दाची आहे. हिनाको आशिहारा यांच्या मांगावर एक टीव्ही मालिका २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत प्रसारित झाली. कथा मुळाबरहुकूम राहावी आणि जिथे मांगा अजून पोहोचलेली नाही तिथे आपण पुरवलेली रूपरेषा पाळली जावी, अशी त्यांची अट होती. अखेर शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ही सर्व हकिगत जाहीरपणे मांडली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या मृत्यूची बातमी आली. पुढे वाहिनीने आणि प्रकाशकाने आपापले चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. त्या बातमीच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने, जिला स्वतःला चित्रकार व्हायचे आहे, मला विचारले की लेखिकेची अट नेमकी कोणत्या कागदावर होती. मी ते अहवाल वाचल्यावर तिला एवढेच सांगू शकले की अट पुष्कळ लोकांमार्फत, तोंडी आणि ईमेलने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होती आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा अर्थ थोडा थोडा सैल होत होता. व्यंगचित्राची एक चौकट आखताना रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी ती पुन्हा काढणाऱ्या माणसांच्या अटींची ही गत व्हावी, याचे वाईट वाटते.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत, आणि त्या फार मोठ्या नाहीत. लेखकाच्या अटी चित्रीकरण ठरण्याआधी कागदावर याव्यात आणि तो कागद पटकथाकाराच्या हातात थेट पडावा, मधल्या चौघांच्या सांगण्यातून नव्हे. कथा किती लांबीची आहे हे मान्य करून मग ती चित्रपट होणार, दोन चित्रपट होणार की मालिका, हे ठरावे. जी कथा पूर्णपणे रेघेच्या जोरावर उभी आहे, जिच्यात माणसाचे अंग रबरासारखे ताणले जाणे हाच विनोद आहे, ती कधीकधी चित्रच राहू द्यावी. त्यासाठी आपल्याकडे जगातले उत्तम ॲनिमे स्टुडिओ आहेत आणि त्यांचे चित्रपट पाहायला आता आमच्याकडेही रात्रीच्या खेळांना गर्दी होते. २०१९ मध्ये भारतातल्या प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम काढून मकोतो शिनकाई यांचा चित्रपट इथल्या चित्रपटगृहांत आणवला होता, हे आपल्या वितरण विभागाला नक्कीच आठवत असेल. इथला प्रेक्षक परका असेल, पण मूळ वाचून आलेला असतो. त्याला फसवणे जड जाते.

आणि एक विनंती घोषणेच्या त्या छायाचित्राबद्दल. पुढच्या वेळी टोप घातलेल्या नटाचे चित्र प्रसिद्ध करण्याऐवजी, किंवा निदान त्याच्या शेजारी, एवढी माहिती छापावी: ॲक्शन किंवा दृश्यकरामती कोण सांभाळणार आहे, त्या माणसाने याआधी काय केले आहे, आणि नटांना तालमीसाठी किती आठवडे दिले आहेत. शेवटचा आकडा वाचून आम्ही तिकीट काढायचे की नाही ते ठरवू.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
जपानी भाषेची एक शिक्षिका,
पुणे

ता. क. : कपडे नवे दिसू नयेत म्हणून आमच्या हौशी नाटकवाल्यांचा एक स्वस्त उपाय आहे. तालमीच्या पहिल्या दिवसापासून नटाने तेच कपडे घालून यायचे, जमिनीवर बसायचे, चहा प्यायचा, आणि प्रयोगापर्यंत ते इस्त्रीला द्यायचे नाहीत.